सिंगल सिलिंडरला व्हेरिएबल लेंथ इनटेक करावा का? नाशिकमध्ये कुणी केलाय का?

पंचवटी_एक्सप्रेस:

नमस्कार मंडळी. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज नाशिकचंच, नाव सांगत नाही कारण आमचा कॅप्टन इथं येऊन सगळं वाचतो. फॉर्म्युला स्टुडंटची, म्हणजे विद्यार्थ्यांनी छोटी रेसिंग गाडी बनवून पळवायच्या स्पर्धेची, टीम आहे आमची, इंजिन ड्यूक 390 चं जुनं 373 सीसीवालं, आणि या वर्षी इनटेक, म्हणजे इंजिनात हवा नेणारी जुळणी, माझ्या गळ्यात पडलाय. मागच्या वर्षीचा इनटेक म्हणजे एक डबा आणि त्याला जोडलेला पाइप, लांबी कुणी आणि का ठरवली ते कुणालाच माहीत नाही, जागा होती तेवढा पाइप बसवला असं सीनियर सांगतात.

आता मी माझदा 787बी या रेसिंग गाडीचे व्हिडिओ बघत बसलो होतो आणि त्यात ते पुढेमागे सरकणारे इनटेकचे पाइप बघून डोकंच फिरलं राव. मग वाचत गेलो तर फेरारी, पोर्शे, यामाहा आर1, सगळ्यांनीच काही ना काही केलेलं. कॅप्टन म्हणतो आपल्याला झेपणार नाही, सर म्हणतात आधी गणित दाखव मग बोलू.

तर विचारायचं असं की लांबी बदलल्याने नक्की होतं काय, म्हणजे पुस्तकातलं रॅम इफेक्ट वगैरे वाचलंय पण लांब पाइपात जास्त हवा मावते म्हणून टॉर्क वाढतो असं काहीसं डोक्यात बसलंय ते बरोबर आहे का, दुसरं म्हणजे आमच्यासाठी किती लांबी ते किती लांबी ठेवावी, आणि तिसरं, एकाच सिलिंडरवर आणि त्यात 20 मिमीचा रेस्ट्रिक्टर (नियमाने बसवावं लागणारं अरुंद भोक, सगळी हवा त्यातूनच) असताना याचा काही उपयोग होतो का? सातपूर-अंबडला असलं काम करून देणारं कुणी माहीत असेल तर तेही सांगा.

सातपूरकर:

हवा मावण्याचा काही संबंध नाही बाळा, ते आधी डोक्यातून काढ. सगळा खेळ लाटेचा आहे.

पिस्टन खाली जायला लागला की इनटेक पोर्टपाशी दाब कमी होतो, आणि ही दाबाची घट पाइपातून उलट दिशेने, म्हणजे प्लेनमच्या (तू म्हणतोस तो डबा) बाजूला, ध्वनीच्या वेगाने पळत जाते. पाइपाचं तोंड जिथं प्लेनममध्ये उघडतं तिथं ती परावर्तित होते आणि उघड्या तोंडाशी परावर्तन झालं की लाट उलटी होते, घटीची वाढ होते. आता ही वाढीव दाबाची लाट परत व्हॉल्व्हकडे येते. इनटेक व्हॉल्व्ह हा पिस्टन तळाला पोचल्यावर लगेच बंद होत नाही, पिस्टन वर यायला लागल्यावरही थोडा वेळ उघडाच असतो, आणि त्या वेळात पिस्टन आत आलेली हवा परत बाहेर ढकलायला बघत असतो. नेमकी त्याच वेळी ती लाट येऊन पोचली तर हवा बाहेर जात नाही, उलट थोडी आणखी आत जाते. लवकर आली तर फुकट, उशिरा आली तर व्हॉल्व्ह बंद. तुझ्या नावाची गाडी पकडायची असली तर नाशिकरोडला कधी पोचायचं तसंच आहे हे, फक्त इथं वेळ मिलिसेकंदात आहे.

लाटेला जाऊन यायला लागणारा वेळ पाइपाच्या लांबीवर ठरतो, तो आरपीएमने बदलत नाही. पण इंजिनकडचा वेळ आरपीएम वाढला की कमी होत जातो. म्हणून एका लांबीला एकच आरपीएम नीट जुळतो, आजूबाजूला थोडा फायदा आणि लांब गेलं की कधी कधी तोटासुद्धा. लांबी बदलता आली की जुळणीची जागा सरकवता येते. बस, एवढंच तत्त्व आहे, बाकी सगळी फिटिंगची कारागिरी.

गणित सोपं करून देतो. पिस्टनचा वेग सर्वात जास्त असतो तिथपासून व्हॉल्व्ह बंद व्हायच्या थोडं आधीपर्यंत क्रँकचे साधारण 90 अंश धर, कॅमप्रमाणे (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा) हे थोडं कमीजास्त होईल. 8000 आरपीएमला क्रँक सेकंदाला 48000 अंश फिरतो, म्हणजे 90 अंशाला 1.875 मिलिसेकंद. ध्वनीचा वेग 343 मीटर धरला तर तेवढ्यात लाट 64 सेंमी जाते, जाऊन-येऊन म्हणून त्याच्या निम्मं, 32 सेंमी. ही लांबी व्हॉल्व्हच्या सीटपासून मोजायची, नुसता बाहेरचा पाइप नाही, हेडमधला पोर्टसुद्धा त्यात आला, पोरं इथंच हमखास चुकतात. सोपं लक्षात ठेवायचं तर 2570 ला आरपीएमने भाग, उत्तर मीटरमध्ये. हा अंदाज आहे, शेवटचा शब्द डायनोचा, म्हणजे इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा.

व्ही10_वेडा:

काका एक नंबर समजावलंत. त्यात थोडा इतिहास टाकतो कारण प्रश्नात 787बी आलीये आणि मला राहवत नाही.

787बी चं आर26बी इंजिन म्हणजे चार रोटर, प्रत्येकी 654 सीसी, 1991 ला ल मान्सची 24 तासांची रेस जिंकली, 55 नंबरची नारंगी-हिरवी गाडी. साधारण 700 घोडे 9000 आरपीएमला. त्याचे इनटेक टेलिस्कोपसारखे सरकायचे, दोन-तीन टप्पे नाहीत तर सलग, आरपीएम वाढला की पाइप आखूड. लोकांना वाटतं हे पीक पॉवरसाठी होतं. 24 तासांच्या रेसमध्ये पीक पॉवरपेक्षा मधल्या आरपीएमचा टॉर्क आणि पेट्रोल वाचवणं जास्त महत्त्वाचं, तेव्हा इंधनाच्या कोट्याची भानगड होती.

फॉर्म्युला वनमध्ये 3 लिटर व्ही10 च्या जमान्यात हे सर्रास होतं, इंजिन 19000 च्या आसपास फिरायची. काकांचं गणित लावा, 2570 भागिले 19000, साडेतेरा सेंमी! आणि ते ट्रम्पेट, म्हणजे इनटेकचे पाइप, गाडी चालू असताना वरखाली होणार, त्या वेगाला. 2006 ला 2.4 लिटर व्ही8 आले तेव्हा नियमातून बंद केलं आणि मग 2015 ला टर्बो व्ही6 मध्ये पुन्हा परवानगी दिली.

रस्त्यावरच्या गाड्यांत पोर्शेचं व्हॅरिओरॅम, 1996 च्या 911 ला, 993 वाली, 272 चे 285 घोडे झाले, पण सगळं श्रेय पाइपांना नको कारण त्याच वेळी व्हॉल्व्हही मोठे केले होते. त्यात 5000 च्या आसपासपर्यंत लांब पाइप, मग स्लीव्ह सरकून आखूड रस्ता उघडतो. सलग बदलणारा इनटेक रोजच्या गाडीत आणला बीएमडब्ल्यूने, 2001 च्या 745आय मध्ये, आतमध्ये फिरणारा ड्रम, 673 मिमी पासून 231 मिमी पर्यंत. 7 सिरीजमध्ये! म्हणजे मागच्या सीटवर बसून पेपर वाचणाऱ्यांच्या गाडीत. आणि अलीकडे फेरारी 812 सुपरफास्ट, 6.5 लिटर व्ही12, 8500 ला 800 घोडे, त्यालाही लांबी बदलणारे ट्रम्पेट.

पंचवटी, कर रे भावा. कॅप्टनचं ऐकू नको. सलग बदलणाराच कर, दोन टप्प्यांचं काय कुणीही करतं.

द्वारका_गॅरेज:

वेडा भाऊ तुम्ही पोराला खड्ड्यात घालणार.

मी गेली बरीच वर्षं गाड्या उघडतोय, व्हेरिएबल इनटेक म्हटलं की माझ्याकडे काय येतं ते सांगतो. चेक इंजिनचा दिवा, आयडल वरखाली, गिऱ्हाईक म्हणतो गाडी खालून उचलत नाही. उघडून बघावं तर फ्लॅपवर कार्बनचा थर, स्पिंडल जाम, नाहीतर व्हॅक्यूमचा छोटा रबरी पाइप कडक होऊन फाटलेला. एका जर्मन सेदानमध्ये, नाव नको, फ्लॅपची पिनच सैल झालेली, आणखी थोडी गेली असती तर सरळ सिलिंडरमध्ये. जे जे इनटेकच्या आत हलतं ते एक ना एक दिवस सुटतं असं धरूनच डिझाइन करायचं, स्क्रू असेल तर लॉक कर, पिन असेल तर दोन्हीकडून बंद कर.

साध्या पद्धतीने बघायचं असेल तर 2006 ची जुनी सिव्हिक बघ कुणाकडे मिळाली तर, 1.8 वाली. मॅनिफोल्डमध्ये एक लांब रस्ता एक आखूड, मध्ये व्हॉल्व्ह, 5200 च्या आसपास रस्ता बदलतो. काही सरकत नाही, फक्त एक झडप फिरते. कंपनीला लाखो गाड्यांत टिकवायचं होतं म्हणून असं केलं.

आणि एक, डिझेल गाड्यांत इनटेकमध्ये फ्लॅप दिसतात ते बघून व्हेरिएबल लेंथ म्हणू नका, ते बहुतेक हवेला भोवरा द्यायला असतात. आमच्याकडे शिकायला येणारी पोरं दोन्ही एकच समजतात.

पंचवटी_एक्सप्रेस:

काका, गणित करून बघितलं. आमचा ड्रायव्हर ट्रॅकवर साधारण 5500 ते 9000 मध्ये असतो असं मागच्या वर्षीच्या डेटात दिसतंय. 5500 ला 46.7 सेंमी येते आणि 9000 ला 28.6. म्हणजे 18 सेंमी सरकायला हवं?? आमच्या मेन हूपच्या (ड्रायव्हरच्या मागची संरक्षक कमान) मागे एवढी जागाच नाहीये, इनटेक तर रोल हूप आणि टायरच्या रेषेच्या आत बसवावा लागतो नियमाने. आणि सर्व्हो (पाइप सरकवणारी मोटर) तेवढ्या वेगाने पळेल का, फर्स्ट गिअरमध्ये आरपीएम कसा चढतो ते तुम्हाला माहितीये.

माजी_कॅप्टन:

बरोबर जागी आलास. मीही नाशिकच्याच एका टीममध्ये होतो, आता पुण्यात नोकरी, त्यामुळे लांबून शहाणपणा शिकवायला मोकळा.

तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलंच नाही अजून आणि माझ्या मते तोच खरा प्रश्न आहे. 20 मिमीच्या भोकातून हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोचला की त्यापुढे कितीही ओढलं तरी जास्त हवा येत नाही, समुद्रसपाटीला ही मर्यादा सेकंदाला साधारण 0.074 किलो येते. आता तुझं 373 सीसी 9000 ला किती ओढतं बघ, सेकंदाला 75 वेळा इनटेक स्ट्रोक, गुणिले 373 सीसी, गुणिले हवेची घनता 1.2, साधारण 0.034 किलो. म्हणजे सरासरीने मर्यादेच्या निम्म्याच्याही खाली. इथं सगळी टीम खूश होते की आपल्याला रेस्ट्रिक्टर लागतच नाही.

पण सिंगल सिलिंडर सतत हवा ओढत नाही ना. चार स्ट्रोकमधला एक स्ट्रोक ओढतो आणि तीन स्ट्रोक गप्प. जेव्हा ओढतो तेव्हा सरासरीच्या तिप्पट-चौपट ओढतो, म्हणजे 0.1 किलोच्या वर, आणि तेव्हा रेस्ट्रिक्टर सरळ चोक. प्लेनम छोटा असेल तर हे दर फेरीला होतं. मोठा असेल तर स्ट्रोकच्या वेळी हवा प्लेनममधून येते आणि उरलेल्या तीन स्ट्रोकमध्ये रेस्ट्रिक्टर सावकाश प्लेनम भरत राहतो. चार सिलिंडरवाल्या टीमना हा त्रास फार कमी, त्यांचा एक ना एक सिलिंडर कायम ओढतच असतो. म्हणून त्यांचे रिपोर्ट वाचून त्यांचा प्लेनम कॉपी करू नको. आणि प्लेनम उगाच पिंपाएवढाही करू नको, थ्रॉटल दिल्यावर इंजिन उशिरा जागं होतं आणि ड्रायव्हर शिव्या घालतो.

तर आधी प्लेनम, मग रनरची, म्हणजे प्लेनम ते इंजिनच्या पाइपची, लांबी, मग वेळ उरला तर व्हेरिएबल. या क्रमात. रनरची लांबी बदलून जे मिळतं ते प्लेनमच्या चुकीत सहज निघून जातं. शिवाय प्लेनममधला दाब दर फेरीला डगमगत असेल तर काकांनी सांगितलेलं लाटेचं गणितसुद्धा गडबडतं, कारण लाटेला परत फिरायला स्थिर दाबाचं उघडं तोंड मिळायला हवं.

व्ही10_वेडा:

कॅप्टन साहेब, पटलं, पण मग तुमच्या हिशोबाने व्हेरिएबल करूच नये का? नुसता पाइप कुणीही लावेल. डिझाइन इव्हेंटला जज समोर उभे असतात त्यांना काय दाखवणार, डबा?

माजी_कॅप्टन:

जजला डबाच दाखव पण डबा एवढाच का ते ग्राफवर दाखव. जज लोकांना हलणाऱ्या वस्तू बघून मार्क द्यायची सवय नसते, ते पहिला प्रश्न हाच विचारतात की बंद ठेवून आणि चालू ठेवून डायनोवर फरक किती. त्याला उत्तर नसेल तर सर्व्हो फिरताना कितीही छान दिसू दे.

करायचंच असेल तर दोन टप्प्यांचं कर. यामाहाने 2007 च्या आर1 मध्ये हेच केलं, फनेलचे, म्हणजे पाइपाच्या तोंडाच्या नरसाळ्याचे, दोन तुकडे, खालच्या आरपीएमला वरचा तुकडा खालच्यावर टेकलेला म्हणजे लांब पाइप, वरच्या आरपीएमला मोटर वरचा तुकडा उचलते म्हणजे आखूड पाइप. दोन्ही तुकडे एअरबॉक्सच्या आतच. हे बारकाईने बघ, कारण तुमच्यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. सरकणारा जोड प्लेनमच्या आत असला की तो थोडा गळला तरी बाहेरची हवा आत येत नाही, प्लेनममधलीच हवा येते, जी रेस्ट्रिक्टरमधून आलेली आहे. बाहेरच्या बाजूला सरकता जोड केला तर तिथून गळती म्हणजे रेस्ट्रिक्टरला बगल, टेक्निकल तपासणीत इनटेकचं तोंड बंद करून इंजिन बंद पडतंय का बघतात, तिथंच खेळ खलास. आत ठेवलं की बाहेर फक्त सर्व्होचा बारीक शाफ्ट येतो, त्याला एक ओ-रिंग पुरते.

लांब 40 सेंमी, आखूड 30 सेंमी असं काहीतरी धर, काकांच्या सूत्राने 6400 आणि 8600 च्या आसपास जुळेल, सरकणं फक्त 10 सेंमी. डायनोवर दोन्ही लांब्या वेगवेगळ्या फिक्स करून चालवा, दोन टॉर्कच्या रेघा जिथं एकमेकींना छेदतात तिथं बदल, अंदाजे आकडा टाकू नका. आणि वर जाताना एका आरपीएमला आणि खाली येताना दोन-तीनशे कमीला बदल ठेवा ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये), नाहीतर वळणात ड्रायव्हर नेमका त्या आरपीएमला असतो आणि पाइप वरखाली थयथयाट करत बसतो. दोन टप्प्यांत सर्व्होला आरपीएमच्या मागे पळावं लागत नाही, एकदा उडी मारली की झालं.

द्वारका_गॅरेज:

हे पटलं. आणि सर्व्हो मेला तर पाइप कुठं थांबणार तेही ठरवा, स्प्रिंग लावा, आखूड बाजूला जाईल अशी. एका जागी पक्का बसलेला पाइप परवडला, अर्ध्यात लोंबकळणारा नको.

पंचवटी_एक्सप्रेस:

कॅप्टन दादा (आमचा नाही, तुम्ही) हे भारी सांगितलंत. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये पीएलए प्लास्टिकचा थ्रीडी प्रिंटर आहे, त्यावर फनेल आणि प्लेनम दोन्ही काढून टाकू का? बाहेर नायलॉनचं प्रिंट करायचं तर पैसे बघून कॅप्टनला चक्कर येईल. आणि आमचा डायनो वेळ मिळतो फेब्रुवारीत, स्पर्धा उन्हाळ्यात, तापमानाने काही फरक पडतो का?

माजी_कॅप्टन:

पीएलए नको. साठ अंशाच्या आसपास मऊ पडतं, इंजिन बंद करून गाडी उन्हात पिटमध्ये उभी केली की सायलेन्सर आणि हेडची उष्णता वर येते आणि प्लेनम दही होतं. शिवाय आत दाब कमी असतो म्हणजे मऊ पडलं की आत ओढलं जातं. पीएलएचा एक सेट फक्त मोजमापाला आणि फिटिंग बघायला काढ, वेगवेगळ्या लांबीचे रनर स्वस्तात करून डायनोवर थोडा वेळ चालवायलाही चालेल, पंखा लावून, लक्ष ठेवून. गाडीवर बसणारा रनर ॲल्युमिनियमच्या ट्यूबचा कर, अंबडला टिग वेल्डिंग करणारे ढीगभर आहेत, ड्रॉइंग नीट दिलं तर करून देतात, फक्त आत वेल्डचे थेंब राहू देऊ नको, घासून घे. प्लेनम फायबरचा घरी होतो. नायलॉन फक्त फनेलच्या तोंडाला, तेवढा छोटा तुकडा परवडतो. तोंडाला चांगली गोल किनार दे, धारदार कापलेलं तोंड ठेवू नको.

सातपूरकर:

तापमानाचं मी सांगतो. ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो, 20 अंशाला 343 तर 40 अंशाला साधारण 355 मीटर. म्हणजे लाट लवकर परतते आणि तीच लांबी थोड्या वरच्या आरपीएमला जुळते, फेब्रुवारीच्या सकाळी 8000 ला जुळलेला पाइप मेच्या दुपारी 8270 च्या आसपास जुळेल. एवढ्यासाठी पाइप बदलायची गरज नाही पण डायनोच्या वेळी प्लेनममधलं तापमान लिहून ठेवा, बाहेरच्या हवेचं नाही, प्लेनममधलं, सेन्सर तुमच्याकडे असेलच ईसीयूला लावलेला. तो बदलाचा आरपीएम त्या हिशोबाने शे-दोनशेने वर सरकवा.

आणि नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे, हवा इथं पाच-सहा टक्के पातळ. स्पर्धा खाली कुठं असली तर घोडे थोडे वाढलेले दिसतील. त्याचं श्रेय इनटेकला देऊन मोकळे होऊ नका, रिपोर्टमध्ये दुरुस्ती करून आकडे लिहा, जज हेही विचारतात.

व्ही10_वेडा:

बरं ठीक आहे, दोन टप्पे तर दोन टप्पे. पण पंचवटी, एक कर, प्लेनमला वरून पारदर्शक झाकण लाव. फनेल उडी मारताना दिसला पाहिजे.

माजी_कॅप्टन:

झाकण डायनोपुरतं लाव, पॉलिकार्बोनेटचं, ॲक्रिलिक नको, बॅकफायर झाला तर ॲक्रिलिकचे तुकडे उडतात. गाडीवर पक्कं झाकण.

पंचवटी_एक्सप्रेस:

ठरलं मग. आधी तीन वेगवेगळे प्लेनम, एकच रनर, मग रनर बदलून, मग दोन टप्पे. कॅप्टनला हा धागा पाठवलाय, त्याने वाचून फक्त "डायनोचे पैसे कोण देणार" एवढंच लिहिलंय. अंबडच्या टिगवाल्यांपैकी पातळ ट्यूब नीट जोडणारा कुणी माहीत असेल तर मेसेज करा, दीड मिमीची ट्यूब घेतोय.